मुंबई-न्यूयॉर्क : किती लांब, किती तास?

आई-बाबा ठाण्यात, लेक न्यू जर्सीत. असं एक तरी घर तुमच्या सोसायटीत असणारच. कदाचित तुमचंच! आणि अशा घरात एक हिशेब मनातल्या मनात चालू असतो : वेळ आलीच तर पोचायला किती तास?

कागदावर उत्तर सोपं. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५५० किलोमीटर. विमान ताशी ९००ने धरलं तर चौदा तास. पण हे अंतर मोजायचं कुठून? ॲटलासवर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिकवरून जाते. पृथ्वी पडली गोल, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडे वाकतो, अगदी आइसलँडच्या पातळीपर्यंत. ग्लोबवर दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

त्यात वाऱ्याची मर्जी. वर जेटस्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी. शिवाय आकाशालाही कुंपणं असतात. २०२२मध्ये रशियाने अमेरिकन विमानांना आपलं आकाश बंद केलं, २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. शहरं जागच्या जागी, पण रस्ता लांबला, इंधन वाढलं आणि तिकीटही.

तरी आपण नशीबवान. १९६०च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून न्यूयॉर्कला निघालं ते लंडनला थांबत. कुठेही न थांबणारी त्यांची फ्लाइट सुरू व्हायला २००७ उजाडलं.

आता घड्याळाची गंमत. उन्हाळ्यात दोन शहरांत साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून रात्री दोनला निघा, त्याच दिवशी सकाळी तिकडे ऑफिसात कॉफी पिता येईल (शुद्धीत असाल तर). येताना उलट. तिकडून दुपारी बाराला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपार. अख्खा दिवस गायब! आणि शरीराला पूर्वेचा प्रवासच जास्त जड जातो, त्यामुळे घरी आल्यावर पहाटे तीनला टक्क जाग.

पण खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा. एअरपोर्टवर तीन तास आधी, तिथवरचा ट्रॅफिक, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, मग ठाण्याची टॅक्सी. चौदाचे वीस-एकवीस सहज होतात. त्यात डायरेक्ट फ्लाइट्स मोजक्याच. आजची हुकली तर उद्यापर्यंत थांबा. अशा वेळी दुबई किंवा लंडनमार्गे जाणारी, कागदावर पाच-सहा तास लांबची फ्लाइट आधी घरी पोचवते. घाईत तिकीट काढताना 'किती तासांची' यापेक्षा 'कधी उतरते' तेवढंच बघा.

आणि पासपोर्ट एकदा उघडून बघा. एच-वन-बी वर असाल आणि व्हिसाचा शिक्का संपला असेल, तर भारतात यायला अडचण नाही, पण परत जायच्या आधी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळवावी लागते. ती कधी मिळेल ते कुठल्याच टाइमटेबलमध्ये छापलेलं नसतं. कित्येक जण फोन आल्यावर आधी तारखेचं पान चाळतात आणि मग बॅग भरायला घेतात.