स्नेप मास्तर : आपला की परका?

हॅरी पॉटर मुलं वाचतात, पण त्यातल्या स्नेप मास्तराचं कोडं आपण मोठ्या बायकांनीच सोडवावं असं आहे.

जे. के. रोलिंग यांच्या या सात पुस्तकांत (१९९७ ते २००७) स्नेप दुष्ट वॉल्डेमॉर्टचा माणूस वाटतो. सहाव्यात तर तो मुख्याध्यापक डम्बलडोर यांनाच ठार मारतो! सातव्यात उलगडा होतो, की ते मरण डम्बलडोर यांनीच मागून घेतलेलं. लहानपणापासून स्नेपचा जीव हॅरीच्या आईवर, लिलीवर. पण त्यानेच चोरून ऐकलेलं भाकीत धन्याला सांगितलं आणि तिच्यावर संकट आणलं. तेव्हाही त्याने जीव मागितला तो तिचा. नवऱ्याची, तान्ह्या बाळाची फिकीर नाही. ती गेली, आणि मग जन्मभर हेरगिरी करून त्याने तेच बाळ राखलं.

म्हणून तो सज्जन ठरतो का? वर्गात नेव्हिलला तो इतकं घालूनपाडून बोलतो, की त्या पोराला सगळ्यात जास्त भीती याच मास्तराची वाटते. आम्हा शिकवणाऱ्या बायकांना हे माफ करणं जड जातं. त्याची निष्ठा खरी, प्रायश्चित्तही खरं. पण मनातली माया पोरांना दिसत नाही हो, त्यांना आपला शब्द तेवढा ऐकू येतो.