पडदा आणि संगणक : दोष कोणाचा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी प्रयोगशाळेत आम्हांला एक शिस्त लावली होती. प्रयोग फसला की उपकरणाला दोष देण्यापूर्वी जोडणी तपासायची. ती शिस्त विसरल्यामुळे २०१६ साली माझ्या हातून एक अन्याय घडला. आजचे विवेचन त्यातूनच निघाले आहे.

स्मरणिकेची मुद्रिते तपासण्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेने २७ इंची, अतिसूक्ष्म बिंदूंचा मॉनिटर घेतला. संगणक एका कंपनीचा, मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा; निवड शाळेच्या संगणक-शिक्षकांची. मॉनिटर जोडला, तेव्हा माऊसचा बाण पडद्यावर अडखळत सरकू लागला. दुकानातील तंत्रज्ञाने येऊन एक सेटिंग बदलले; बाण सुरळीत फिरू लागला. परंतु मुद्रितशोधकाने लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या आता फिक्या आणि विस्कटलेल्या दिसू लागल्या. लाल अनुस्वार तर नजरेतूनच सुटले, आणि दोन पाने चुकांसह छापून आली. भर सभेत मी म्हणालो, “परका पडदा घेऊन देणगी वाया घालवली.” शिक्षक काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात बोलावले आणि फळ्यावर एक गणित मांडले. तेच आपल्यासमोर ठेवतो.

त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू असतात. म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट माहिती लागते आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट होतात. शिवाय ओळींच्या आणि चित्रांच्या दरम्यानचा मोकळा अवधी वेगळा. आमच्या संगणकाची एचडीएमआय जोडणी २००९ सालच्या १.४ या आवृत्तीची होती. तिच्यातून चित्राची माहिती फार तर ८.१६ अब्ज बिट इतक्या वेगाने जाऊ शकते. बारा अब्जांचा ओघ तिच्यात मावणे शक्यच नव्हते.

मग यंत्राने तडजोड केली. पहिली तडजोड वेळेची : साठऐवजी तीसच चित्रे. म्हणून बाण अडखळत होता. तंत्रज्ञाने साठ चित्रे मागितली, तेव्हा दुसरी तडजोड रंगाची झाली. प्रत्येक बिंदूची उजळता स्वतंत्र राहिली, पण शेजारच्या चार बिंदूंना मिळून रंगाची एकच नोंद उरली. माहिती निम्मी झाली आणि जोडणीत मावली. चलच्चित्रात हे सहसा जाणवत नाही. परंतु बारीक लाल अक्षराचा रंग शेजारच्या पांढऱ्यात मिसळतो. आमचे अनुस्वार गेले ते असे.

येथे कोणी विचारील, की मग संगणकाने आधी सांगितले का नाही? तर मॉनिटर आणि संगणक यांचा परिचय होतो तो एका छोट्या ओळखपत्राने. ‘व्हेसा’ या मानक-संस्थेने १९९४ साली त्याचा नमुना ठरवला. त्याचा मूळ भाग १२८ बाइटचा. मॉनिटर त्यातून आपले आकारमान व क्षमता कळवतो, आणि संगणक त्यांतून स्वतःला झेपेल तेवढे निवडतो. निवडताना काय गाळले, हे तो वापरणाऱ्याला सहसा सांगत नाही. दोन्ही यंत्रे निर्दोष असूनही चित्र सदोष दिसते ते त्यामुळे.

उपाय संगणकाच्या पाठीमागेच होता. तेथे डिस्प्लेपोर्टची १.२ आवृत्तीची जोडणी मोकळी होती. तिची उपयुक्त क्षमता १७.२८ अब्ज बिट. शिक्षकांनी योग्य केबल आणली. तरीही चित्र सुधारेना, कारण मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ती जोडणी जुन्या १.१ आवृत्तीवर ठेवलेली होती. ती १.२ केली, आणि साठ चित्रांसह पूर्ण रंग उमटला. अनुस्वार जागच्या जागी दिसू लागले. खर्च झाला तो एका केबलचा.

आज एचडीएमआयच्या नव्या आवृत्त्यांना हा ओघ सहज पेलतो, पण अडचण संपलेली नाही. यूएसबी-सी जोडणीची खोबण सर्वत्र सारखी दिसते. मात्र तिच्यातून चित्र जाईलच असे नाही. काहींतून केवळ वीज आणि माहितीच जाते. म्हणून नवा मॉनिटर घेताना संगणकाची जोडणी, केबल, मॉनिटरची जोडणी आणि त्याचा मेनू, या चारही ठिकाणची आवृत्ती तपासावी. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते.

पुढच्या सभेत मी त्या शिक्षकांची जाहीर क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “जोडणी तपासायला गुरुजींनीच शिकवले होते ना?” ते माझ्याच वर्गातले होते. शिकवण आम्हां दोघांनाही मिळाली होती, जपली त्यांनी.