टॅब्लेटवर फिरणारं हाड बघितलंत, आता हे विचारा

ओपीडीबाहेर गर्दी. तुमचा नंबर लागतो. डॉक्टर टॅब्लेट पुढे करतात आणि बाबांच्या खुब्याचं चित्र बोटाने गोल फिरवून दाखवतात. फिल्मवरच्या काळ्या-करड्या चौकोनांतून जे कळलं नव्हतं, ते लगेच कळतं. पण पाठोपाठ ‘ऑपरेशन करावं लागेल’ हेही ऐकू येतं. निर्णयाला वेळ थोडा असतो. म्हणून हे चित्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते आधीच जाणून घ्या.

चित्र बनतं कसं?

सीटी स्कॅन पावाच्या स्लाइससारखे शरीराचे पातळ काप टिपतो. एका तपासणीत असे शेकडो काप असू शकतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा मिळतो : पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांत. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखली जाते. सीटीच्या शोधासाठी त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

थ्रीडी चित्रासाठी संगणक ठरावीक आकड्याच्या वरचे ठिपके ठेवतो आणि बाकीचे पुसतो. म्हणून हाड उठून दिसतं. पण त्याच कारणाने बारीक भेग बुजू शकते आणि मऊ भागातली छोटी गाठ दिसतच नाही. ती शोधायची तर मूळ कापच बघावे लागतात.

टॅब्लेटवर भरवसा किती?

अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये आयफोन-आयपॅडवर स्कॅन बघून निदान करण्याच्या पहिल्या अॅपला परवानगी दिली, तीही मोठं वर्कस्टेशन हाताशी नसेल तेव्हापुरतीच. खोलीतल्या उजेडात स्क्रीन नीट दिसते का, हे तपासायची चाचणी त्या अॅपमध्येच होती : किंचित वेगळ्या छटेचा भाग ओळखून डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवायचं. खिडकीजवळच्या टेबलावर हा फरक लहान नसतो.

व्हॉट्सअॅपचा फोटो नको

दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणं म्हैसूर परिसराला नवं नाही. इस्रोच्या टेलिमेडिसिन प्रकल्पात चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय आणि म्हैसूर जिल्ह्यातल्या सरगूरचं विवेकानंद मेमोरियल रुग्णालय उपग्रहाने बंगळुरूच्या नारायण हृदयालयाशी जोडलं होतं. आज आपण फिल्मचा फोटो काढून पुण्याच्या नातेवाईक डॉक्टरांना पाठवतो. त्या फोटोत ना सगळे काप असतात, ना घनतेचे आकडे. पाठवायची ती मूळ डायकॉम फाइल.

डॉक्टरांना हे विचारा

• रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट आला का? त्यात काय म्हटलंय?

• जिथे दोष आहे, तो मूळ काप दाखवाल का?

• ऑपरेशन आजच हवं, की दुसरं मत घेण्याइतका वेळ आहे?

• डायकॉम फाइलची सीडी किंवा लिंक मिळेल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. फाइल हरवली तर स्कॅन पुन्हा करावा लागू शकतो. खर्च तर होतोच, शिवाय पोटाच्या एका सीटीत साधारण दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक रेडिएशनइतका डोस शरीराला मिळतो. सीडीवर नाव आणि तारीख लिहा, पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि घरातल्या दोघांना तरी जागा सांगून ठेवा.