पावती आहे, उताऱ्यात नाही

फॉक्सप्रोवर चालणाऱ्या पतसंस्थेतून फोन आला की तक्रार बहुधा एकाच चालीची असते: ‘सर, कधी दिसतं, कधी दिसत नाही.’ व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ची; मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जानेवारी २०१५मध्ये थांबवला. तरी ठेवी, कर्ज, पिग्मी असा सगळा कारभार तिच्यावर रेटणाऱ्या संस्था आहेत.

या वेळी खातेदाराच्या उताऱ्यात आदल्या दिवशीची पिग्मी दिसत नव्हती, पण पावती क्रमांक टाकला की भरणा हजर. ही मोठी खूण. खाते क्रमांक आणि पावती क्रमांक यांचे टॅग, म्हणजे इंडेक्स, वेगळे, फाइल मात्र एकच, सीडीएक्स. म्हणजे डीबीएफमधली, टेबलाच्या मूळ फाइलीतली, नोंद शाबूत आणि एकच टॅग बिघडलेला. खात्रीसाठी कमांड विंडोत सीक दिलं: नाही. लोकेट दिलं: सापडली. लोकेटच्या आधी ‘सेट ऑप्टिमाइझ ऑफ’ द्यायचं, नाहीतर फॉक्सप्रोचं शोध वेगवान करणारं रशमोर त्याच मोडक्या इंडेक्सवरून उत्तर देतं आणि आपण नोंदच गेली समजून बॅकअपमागे धावतो.

सीडीएक्स म्हणजे ५१२ बाइटच्या पानांचं झाड. पान भरलं की दुभंगतं, निम्म्या की नव्या पानावर जातात आणि वरच्या पानात नव्याचा पत्ता लिहावा लागतो. सर्व्हर इथे फक्त फाइल सांभाळतो. ही लिहालिही प्रत्येक टेबलावरचा संगणक लॅनवरून स्वतः करतो. तो मधेच बंद पडला की काम अर्धवट राहतं. ते उघडं पडतं कुणी नेमकं त्याच पानावरचं काही मागेल तेव्हा, दुसऱ्याच टेबलावर.

संस्थेच्या मेनूत ‘रीइंडेक्स’चं बटण होतं आणि सकाळच्या उदबत्तीसारखं ते रोज नेमाने लावलं जाई. माझा राग या बटणावर. एक तर पुरावा पुसला जातो. शिवाय रीइंडेक्स टॅगची व्याख्या त्याच बिघडलेल्या फाइलीतून वाचतं. ती जागाच खराब असेल तर बोंबला. सगळे टॅग काढून ‘इंडेक्स ऑन’ने नव्याने बांधावेत हे बरं. फक्त टेबल डीबीसीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, असेल तर प्रायमरी की आणि टेबलांमधली नातीही जातात, ती आधी टिपून ठेवायची.

बटण बंद केलं आणि प्रत्येक एररचा क्रमांक, वेळ, मशीनचं नाव फाइलीत उतरवायला लावलं. इंडेक्स बिघडल्याचे ११४ आणि २० येत राहिले, कधी या मशीनवर, कधी त्या. पण बहुतेक सकाळी, काउंटर उघडल्या उघडल्या. मग आदल्या संध्याकाळी काय होतं? पिग्मी एजंट आपापली यंत्रं आणतात आणि दिवसभराचं कलेक्शन एकाच संगणकावरून एका दमात चढतं.

त्या संगणकाचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ६००८, म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित. तारखा आमच्या नोंदींशी जुळत होत्या. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. ‘लाइट गेली की बंद पडतो सर, परत लावून उरलेलं चढवतो,’ क्लार्क म्हणाली, ‘त्यात काय!’

बॅटरी बदलली, टॅग नव्याने बांधायला घेतले. पावती क्रमांकाला कँडिडेट केलं तर फॉक्सप्रो अडून बसलं: एररचा क्रमांक १८८४, एकच पावती दोनदा. ‘उरलेलं’ चढवताना आधीचंही काही परत चढलं होतं. मग मॅनेजरसाहेब कॅशबुक घेऊन शेजारी बसले आणि एकेक जोडी काढत गेलो.