वाड्याच्या खोडी

ज्या घरावर आपला जीव असतो त्याची निंदा आपण हवी तितकी करावी. परंतु पाहुण्याने त्याविषयी एक वावगा शब्दही काढू नये, असा नियम प्रत्येक कुटुंबात न लिहिताच पाळला जातो. आमच्या भोरच्या वाड्यासंबंधी हा नियम पाच पिढ्या चालत आलेला आहे. वाड्यात राहणारा प्रत्येक जण दिवसातून दोनदा तरी त्याच्या नावाने बोटे मोडतो. आणि पुण्याहून आलेल्या एखाद्या नातलगाने ‘इथे उजेड जरा कमीच, नाही का?’ असे नुसते म्हटले, की घरातील लहानथोर मंडळी एकजुटीने त्याच्यावर तुटून पडतात. प्रेमाचे हे लक्षण आम्हांस मान्य आहे. तथापि वाडा उतरवून त्या जागी सिमेंटची इमारत उभारावी, असा विषय चिरंजीवांनी व पुतण्यांनी यंदा काढल्यापासून केवळ प्रेमावर भागण्यासारखे राहिले नाही. वाड्याचे दोष एकदा नीट मांडून, त्यांपैकी कोणते सोसावे, कोणते दुरुस्त करावे आणि कोणते मुळासकट काढून टाकावे, याचा निवाडा करणे प्राप्त झाले. असा प्रसंग आमच्या अनेक वाचकांच्या घरी येऊन गेला असेल, किंवा येऊ घातला असेल. म्हणून तो विचार येथे सांगतो.

प्रथम खोडींचा पाढा वाचू. वाड्याची दिंडी इतकी ठेंगणी, की आमच्या घरी पाहुण्याचे स्वागत ‘या’ या शब्दाने होत नाही, ‘जरा वाकून!’ या शब्दांनी होते. आणि नवा जावई कपाळ आपटल्याशिवाय जावई झाला असे धरले जात नाही. माडीवर जाणारा जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला, अंधारा, उभा, एका वेळी एकच मनुष्य जाईल असा. आणि वरच्या तोंडावर फळ्यांचे जड झाकण. ओसरीतला एक खांब नेमका पंगतीच्या मध्ये उभा. त्याच्यामागे ज्याचे पान येईल त्याला वाढपी हमखास विसरतो. माडीवर मुले धावू लागली, की कडीपाटातून बारीक माती खालच्या ताटांत पडते, आणि वरणाला वाड्याची चव येते. खुंट्या आहेत त्या कपाळाच्या उंचीवर. कोनाडे आहेत ते खापरपणजोबांच्या हाताला येतील असे. त्यांची उंची सहा फूट होती, असे म्हणतात. आमच्या पिढीला स्टुलावाचून दिवा ठेवता येत नाही.

आता यांतील पुष्कळशा गोष्टी वेडेपणाच्या दिसल्या तरी त्या मुळात वेड्या नाहीत. त्या जुन्या प्रश्नांची उत्तरे आहेत. प्रश्न गेला आणि उत्तर उरले, एवढेच. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्याच्या दिल्ली दरवाजाची दारे हत्तीला दाद देणार नाहीत अशी खिळ्यांनी मढविलेली. परंतु रोज आत जाण्यायेण्याची दिंडी लहानशीच. वाकलेल्या माणसाला तलवार चालविता येत नाही, आणि तो एकेकटाच आत येऊ शकतो, हे त्यातले मर्म होय. आमच्या जिन्याचेही तेच. खाली दरोडा पडला तर बायकामुलांना व चीजवस्तूला माडीवर पोहोचवावे, झाकण ओढून घ्यावे, आणि त्यावर जाते ठेवून द्यावे, म्हणजे शंभर माणसेही वर येऊ शकत नाहीत. खांबाचे कारण त्याहून साधे आहे. आपल्याकडे जुने घर खणांनी मोजीत; दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. तुळईला जेवढे लांब लाकूड मिळे, तेवढाच तिचा पल्ला. पुढे खांब आलाच. पंगतीचा विचार सुताराने केला नाही असे नव्हे. रानातील सागाने तो करू दिला नाही.

गंमत अशी, की आमची दिंडी मुळात बांधली गेली तेव्हाच तिचा प्रश्न संपलेला होता. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ पर्यंत झाला. भोरचा राजवाडा १८६९ सालचा. आमचा वाडा त्यानंतर काही वर्षांनी उठला. म्हणजे भय सरून पन्नासावर वर्षे लोटली होती, तरी गवंड्याच्या हाताला भयाची सवय उरलीच होती. घरे अशीच बांधली जातात. बांधणारा आपल्या काळासाठी बांधतो असे त्याला वाटते. वस्तुतः तो आपल्या आजोबांच्या काळजीसाठी बांधीत असतो.

काही उत्तरांचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. तेथील जुन्या घरांचे पाखे इतके खाली उतरलेले असतात, की अंगणातून ओटीवर चढताना उंच मनुष्याच्या पागोट्याला कौल लागावे. शहरातला मनुष्य ‘छप्पर दोन हात वर घेतले असते तर उजेड आला असता’ असे सहज बोलून जातो. त्याने मृगापासून हस्तापर्यंत एक पावसाळा तेथे काढावा. सह्याद्रीच्या माथ्यावरून येणारा तो पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो; आणि मातीच्या भिंतीला तो चार महिने लागला, तर भिंत पाचव्या महिन्यात राहत नाही. तेव्हा तो ठेंगणा पाखा म्हणजे भिंतीचे इरलेच होय. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले घाट चढून आमच्याकडे आली आणि दरसाल घर शाकारण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. पण पाखा वर गेला नाही. कौल बदलले, पाऊस बदलला नाही.

उंबरठ्याचेही असेच. तो वीतभर उंच आहे. रांगते मूल अडते, चालते मूल अडखळते. परंतु चौकात पाणी तुंबले असता ते माजघरात शिरत नाही आणि विंचूकाटा बाहेरच राहतो, ही त्याचीच कृपा. संस्कृतात देहलीदीपन्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आतही उजळतो आणि बाहेरही. उंबरठ्याचा त्रासही तसाच दुहेरी आहे, आणि उपकारही.

येथवर आम्ही वाड्याची वकिली केली. पण जुने ते सगळे शहाणे, असे म्हणणे ही निव्वळ भक्ती होईल. आमच्या न्हाणीघराची मोरी ज्या बाजूला पाणी जाऊ नये नेमकी त्याच बाजूला उतरते. त्यामागे ना दरोडेखोर, ना पाऊस. गवंड्याची पाणसळ त्या दिवशी चुकली, इतकेच. याहून गंभीर दोष भिंतींचा. खाली दगड, वर पांढऱ्या मातीचे काम, ही आमच्या भागातील जुनी रीत. वेल्ह्याच्या मुलखातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतले मातीचे जुने वाडे पाण्यात भिजून बसले. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माथ्यावरची मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच जाडी त्या पहाटे काळ झाली. तेव्हा ‘आमच्या आजोबांनी बांधले आहे’ हे उत्तर भिंतीपुरते तरी पुरेसे नाही. भिंतीला आजोबा कळत नाहीत, वजन कळते.

आणि यानंतर तिसरा प्रकार येतो. त्याला खोड म्हणवत नाही आणि दोषही म्हणवत नाही. घरातील सर्वांना एकत्र बसवून आम्ही वर दिलेली यादी वाचून दाखविली, तेव्हा जावयाच्या कपाळापाशी सगळे मनमुराद हसले. सूनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मामंजी, दिंडीत डोके एकदा आपटते आणि मग त्याची गोष्ट होते. आम्ही बायका पावसाळाभर रात्री विजेरी घेऊन परसात जातो, ते यादीत कुठे आहे?”

ते यादीत नव्हते. आणि मग एकेक निघू लागले. स्वयंपाकघराला धुराडे नाही. तो धूर वाशांना लागला म्हणजे वाळवी लागत नाही आणि चुलीवर टांगलेले बियाणे कोरडे राहते, असे त्याचे समर्थन आम्ही लहानपणापासून ऐकले. खरे आहे, वासे टिकले. त्या वाशांखाली बसणाऱ्यांचे डोळे गेले. माजघरामागची बाळंतिणीची खोली वाड्यातली सर्वांत काळोखी. तिला झरोकाही नाही. आमच्या वंशावळीत पुरुषांची नावे ओळीने आहेत, आणि दोघा-तिघांपुढे ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ असे आहे. त्या प्रथम कुटुंबांची नावेही कोणी लिहिली नाहीत. त्यांतल्या दोघी त्या खोलीतून परत आल्या नाहीत, हे मातुःश्रींना ठाऊक होते. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत. त्या इतकेच बोलल्या, “या खोलीला खिडकी पाडा, म्हणून मी लग्न होऊन आले त्या वर्षी म्हटले होते. भिंत कमजोर होईल, असे उत्तर मिळाले.”

घरातील गैरसोयींची हीच खरी विभागणी आहे, असे आम्हांस वाटते. ज्या गैरसोयी पुरुषांच्या कपाळाला लागल्या त्यांच्या गोष्टी झाल्या. ज्या बायकांच्या डोळ्यांना, कमरेला आणि जिवाला लागल्या त्यांची रीत झाली. गोष्ट दरसाल सांगितली जाते; रीत कोणी सांगत नाही, ती नुसती पाळली जाते. म्हणून वाडा ठेवावा की उतरवावा हे पुरुषमंडळींनी ओसरीवर बसून ठरविणे योग्य नव्हे. ज्यांनी वाडा पाठीवर वाहिला, त्यांचा शब्द आधी घेतला पाहिजे.

तो घेतला. मातुःश्रींसह घरातील एकाही स्त्रीने वाडा पाडावा असे म्हटले नाही, हे लिहिताना आम्हांस समाधान वाटते. परंतु आहे तसा ठेवावा, असेही एकीने म्हटले नाही. पावसाळ्यानंतर वरच्या माडीवरून दिसणारा रोहिड्याचा कडा, चौकातले ऊन, वैशाखातला माजघराचा गारवा, हे त्यांनाही हवे आहे. तेव्हा ठरले ते असे. स्थापत्याच्या जाणत्या मनुष्याकडून भिंतींची परीक्षा करवावी. तो धोका म्हणेल तेवढा भाग मोह न धरता उतरवावा. संडास व न्हाणीघर घरातच, मातुःश्रींच्या खोलीलगत घ्यावे. त्या काळोख्या खोलीला पूर्वेकडून खिडकी पाडावी, आणि तिच्यावर नीट तुळई घालावी, म्हणजे भिंतीची तक्रार उरणार नाही. जिन्याला कठडा व दिवा द्यावा. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी उतरण करावी. या सगळ्याचा खर्च नव्या इमारतीच्या मानाने पुष्कळ कमी आहे, हे पुतण्यांनीच आकडे मांडून दाखविले, आणि इमारतीचा विषय तूर्त मागे पडला.

शास्त्रकारांचा स्थूणानिखननन्याय येथे उपयोगी आहे. खांब पुरताना तो पुन्हा पुन्हा हलवून पाहतात, आणि हलवून हलवूनच तो पक्का रोवतात. जुन्या घराची प्रत्येक गोष्ट अशीच हलवून पाहावी. तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेस, तो प्रश्न आज आहे काय, आणि तुझी किंमत घरातले कोण देत आले, असे तीन प्रश्न तिला विचारावे. तिन्हींतून जी टिकेल ती ठेवावी. जी पहिल्या दोहोंत नापास होऊन तिसऱ्यात निरुपद्रवी ठरेल, ती हौस म्हणून ठेवण्यास हरकत नाही. आमची दिंडी या शेवटच्या वर्गात बसते. तिला हात लावायचा नाही, असा ठराव एकमताने झाला. मात्र चौकटीच्या वरच्या पट्टीला काथ्याची गुंडाळी बांधण्याचे काम नातवंडांनी आपणहून अंगावर घेतले आहे.