तार श्रेष्ठ की बिनतारी?

हेडफोनसाठी खिशात मावणारे प्रवर्धक दोन प्रकारचे असतात: यूएसबीच्या तारेने जोडायचे आणि ब्लूटूथचे, म्हणजे बिनतारी. सीडीवरील संगीतात सेकंदाला ४४,१०० नमुने × १६ बिट × २ वाहिन्या = १४,११,२०० बिट असतात. तार ते सारे जसेच्या तसे पोचवते. ब्लूटूथच्या एसबीसी पद्धतीत मात्र सुमारे ३,२८,००० बिटांत भागवावे लागते. म्हणून कानाला कमी जाणवेल तेथे काटछाट होते.

मग तारच श्रेष्ठ? थांबा! किंचित मोठा आवाजही कानाला 'चांगला' वाटतो. तेव्हा हेडफोन व गाणे तेच ठेवा, दोन्हींचा आवाज सारखा करा, डोळे मिटा आणि अदलाबदल मित्राकडे सोपवा. दहापैकी पाच-सहाच उत्तरे बरोबर आली, तर तो नाणेफेकीचाच कौल समजावा!