भांडवलाआधी गिऱ्हाईक

पदवीधरांनी नोकरीचा नाद सोडून स्वतःचा धंदा काढावा, हा उपदेश पदवीदान समारंभात हमखास ऐकू येतो. उपदेश करणारे बहुधा पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक असतात, हा भाग वेगळा! कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांना पदवीची वाट जवळची झाली. परंतु मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील अनेक घरांत पदवी म्हणजे धंद्यातून सुटका, असाच अर्थ रूढ झाला. बापाची उधारी कशी बुडते, हे मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते. तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेकडे वळला, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. श्रीमंताचा धंदा बुडाला तर तो अनुभव ठरतो. कारकुनाच्या मुलाचा बुडाला तर बहिणीचे लग्न लांबते.

यावर कर्ज हा उपाय सांगितला जातो. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १० टक्के रक्कम पदरची घालावी लागते. २०१५ च्या मुद्रा योजनेत तारणही लागत नाही. या सोयी मोलाच्या आहेत. परंतु कर्जाने दुकान उघडते. त्यात माणूस पाऊल टाकील, याची हमी कर्ज देत नाही.

याच नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म जाणले होते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले व पैशांचे साहाय्य दिले. कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवल देणाऱ्यानेच गिऱ्हाईकही मिळवून दिले.

आज महाविद्यालये उद्योजकतेवर व्याख्याने ठेवतात. व्याख्यात्याला द्यायची स्मृतिचिन्हे मात्र जुन्याच पुरवठादाराकडून येतात. छपाई, गणवेश, उपाहारगृह, संगणकदुरुस्ती ही कामे निघाली की निविदेत बहुधा मागील तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला मागतात. काल पदवी घेतलेल्याने तो कोठून आणावा? विद्यापीठाने व संलग्न महाविद्यालयांनी किरकोळ कामांचा ठरावीक हिस्सा आपल्याच नव्या पदवीधरांसाठी राखावा आणि त्यांची बिले महिन्याच्या आत चुकती करावीत. त्यासाठी नवी योजना नको, खरेदी समितीचा एक ठराव पुरे.